वाढली म्हणावं

शिवांजलीच्या लहानपणी त्यांच्या आळीत चांगल्या परिस्थितीतल्या पोरी पुष्कळ होत्या. कुणाच्या घरी मोठा रंगीत टीव्ही होता, कुणाच्या मामानं पुण्याहून चाकांचे बूट आणले होते. पण काचापाणीत तिचा हात धरणारी एक नव्हती. खेळ तसा साधाच. बांगड्यांचे तुकडे गोळा करायचे, देवळाच्या ओट्यावर खडूनं चौकोन आखायचा, मूठभर तुकडे त्यात भिरकवायचे आणि बोटाला थुंकी लावून एकेक असा अलगद उचलायचा की शेजारचा हलता कामा नये. हलला की डाव दुसरीचा. आता यात कसब बोटाचं, हे खरं. पण मान मिळायचा तो जिच्याकडं काचा जास्त तिला. शिवांजलीकडं आप्पांनी मिलिटरी कॅन्टीनमधून आणलेला बिस्किटांचा डबा काठोकाठ भरून काचा होत्या.

बाकीच्या पोरींच्या काचा बहुतेक हिरव्या. आयांच्या हातातच हिरव्या, मग तुकडे वेगळे कुठून येणार. शिवांजलीच्या डब्यात मात्र जांभळ्या होत्या, मोरपंखी होत्या, दुधासारख्या पांढऱ्यावर लाल रेघ ओढलेल्या होत्या, आणि अंगात सोन्याची वाळू घातल्यासारख्या चमचमणाऱ्या होत्या. त्या हातात घेऊन सूर्याकडं धरल्या की सगळी आळी जांभळी नाहीतर मोरपंखी होऊन जायची. ही सगळी कमाई बनुआत्याची. आत्या तिकडं जतच्या बाजूला दिलेली. पंचमीला नाहीतर दिवाळीला एष्टीतून उतरायची, चेहरा उन्हानं रापलेला, काखेत पिशवी. घरात आली की चूळ भरायच्या आधी कमरेचा रुमाल काढायची आणि गाठ सोडून म्हणायची, "ही घे गं शिवे तुझी दौलत."

शिवांजलीला वाटायचं, आत्याचं सासर लय श्रीमंत. एवढ्या बांगड्या कुणाकडं असतात?

एकदा, शाळेतही जात नव्हती तेव्हाची गोष्ट, ती गोठ्यातून ओरडत आली होती. "आई, तुझी बांगडी फुटली, मला दे." आईनं तिच्या तोंडावर हलकीच चापटी मारली. "फुटली म्हणू न्हाई. वाढली म्हणावं."

"वाढली तर मग हातात कमी कशी झाली?"

आप्पा तेव्हा सुट्टीवर आले होते. ते खो खो हसले आणि पुढं कितीतरी वर्षं पाव्हण्यारावळ्यांना हा किस्सा सांगत राहिले. उत्तर दिलं ते आत्यानं. शिवांजलीला मांडीवर घेऊन ती म्हणाली होती, "फुटत्यात त्या एकदाच, नवरा गेल्यावर. त्याच्या आधी कितीबी तुकडे होऊंद्यात, त्या वाढत्यात. कळलं का?"

तिला काही कळलं नव्हतं. पण शब्द तोंडात बसला तो बसलाच.

आता शिवांजली स्वतः लेकुरवाळी झाली होती. बाळंतपणाला माहेरी आली, लेक झाली, बारशाला राजनंदिनी नाव ठेवलं, आणि हवा गारठ्याची आहे, पोरीला सर्दी आहे, असं करत करत मुक्काम लांबत गेला. घर तेच होतं. पुढच्या अंगणात तीच कढीलिंबाची फांदी, मागं उसाचा फड, तोड सुरू झाली की दिवसभर पाचटाचा वास. दुपारी पोरगी झोपली की ती सोप्यात आडवी व्हायची आणि डोळे मिटून नुसती आवाज ऐकायची. आईचं दळण निवडणं. आप्पांचा रेडिओ. आत्याचं स्वतःशी पुटपुटणं. नवरा गेल्यापासून आत्या कायमची इकडंच राहायला आली होती आणि राजनंदिनीला "म्हातारे" म्हणून हाक मारायची. "काय गं म्हातारे, आज लय रुसलीस? सून बघत न्हाई व्हय?" पोरगी बोळकं पसरून हसायची.

अशा दुपारी शिवांजलीला वाटायचं, मधली वर्षं कुणीतरी कात्रीनं कापून काढावीत आणि ही दुपार त्या जुन्या दुपारींना शिवून टाकावी.

माधवनगरला तिचं सासर. विश्वजित कुपवाडच्या कारखान्यात सुपरवायझर. दिसायला देखणा, बोलायला गोड, सासऱ्यासमोर कधी खुर्चीवर न बसणारा. आप्पा जाईल तिथं सांगायचे, जावई असावा तर असा. रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. पोरीचे तो मोबाईलमधून इतके लाड करायचा की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. शिवांजली मोबाईल धरून बसायची.

माधवनगरला त्याची स्कूटर फाटकात शिरली की ती कान द्यायची. आवाजावरून तिला कळायचं, आजचा दिवस कसा गेलाय. स्टँड आपटून लावला की भाजीत मीठ असलं तरी नसायचं. माहेरी येऊन कितीतरी दिवस झाले तरी आळीत कुणाची गाडी थांबली की ती उठून बसायची. हळूहळू तेही कमी झालं होतं. आणि नेमकं तेव्हाच विश्वजितच्या आईचा फोन आला, येत्या रविवारी न्यायला येतोय.

आई तयारीला लागली. पाळण्याला द्यायला नवा रंग आणला, दुपटी शिवून झाली, डिंकाचे लाडू वळून झाले. शिवांजलीनं मनात पुष्कळ जुळवाजुळव केली. आईला सांगावं. पण सुरुवात कुठून करायची? मार हा शब्द तिच्या तोंडून निघायचा नाही. आई लाडू वळताना म्हणायची, "हा डबा जावयांचा, त्यांना खोबरं जास्त आवडतंय." त्यावर काय बोलणार. शिवाय तिला वाटायचं, मी सांगितलं की हे घरच बदलून जाईल. आप्पांचा तो किस्सा, आईचं गुणगुणणं, सगळ्यावर डाग पडेल. रविवार जवळ येत होता आणि ती दुपट्यांच्या घड्या घालत राहिली.

बाळंतीण सासरी निघाली की दोन्ही हात हिरवेगार दिसले पाहिजेत, ही आईची हौस. कोरेगावच्या बाजारातून ती दोन-चारच्या मापाच्या बांगड्या घेऊन आली. लेकीचं माप तिला पाठ होतं, लग्नातही तेच. गुरुवारी दुपारी सोप्यात घोंगडं टाकून माय-लेकी समोरासमोर बसल्या. पलीकडं आत्या शेंगा सोलत होती, तिच्या शेजारी राजनंदिनी पाय उडवत पडली होती.

उजव्या हातात बांगड्या तेल लावून सरसर चढल्या. डाव्या हाताला मात्र पहिलीच बांगडी अंगठ्यापाशी अडली.

"सूज हाय अजून बाळंतपणाची," आई म्हणाली. तिनं अजून तेल लावलं, अंगठा आत दुमडला, दाबला. शिवांजलीनं ओठ चावला. बांगडी कडकन गेली. दुसरी घेतली, तीही. तिसरीला आईनं जोर लावण्याआधी हाड चाचपलं. अंगठ्याच्या मुळाशी एक उंचवटा होता, वाकडं जुळलेलं हाड असतं तसा. बाथरूममध्ये पडून मुरगळलाय, एवढंच लेकीनं मागं सांगितलं होतं. आईची बोटं तिथं थांबली. पुन्हा एकदा त्याच्यावरून फिरली. मग आईनं तेलाची वाटी उचलली.

"मोठ्या मापाच्या मिळाल्या तर बघते," ती खाली बघत म्हणाली. "न्हाईतर पाटल्या घाल दोन. वाढल्या बाई आजच." आणि ती आत निघून गेली.

घोंगड्यावर तुकडे पसरले होते. पोरगी लोळत इकडं आली तर टोचतील म्हणून शिवांजली भराभर वेचायला लागली.

"दे इकडं," आत्या म्हणाली. "मी वेचते. मला सवय हाय."

"कसली सवय?"

"आगं, तुझा डबा कुणी भरला मग?"

आत्या हसली. शिवांजलीही हसली, आणि हसता हसता मध्येच तिचं हसू थांबलं. तिची आई गुरांची दावी सोडायची, धुणी बडवायची, भाकऱ्या थापायची. तिच्या वर्षाला चार-दोन बांगड्या वाढायच्या. आणि आत्याच्या? रुमालभर. दर खेपेला रुमालभर, एकाच बाईच्या दोन हातांतून.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "तुझ्या एवढ्या कशा गं वाढायच्या?"

आत्याचा हात तुकड्यांवरून फिरत होता. बारीक चुराही ती बोटाच्या टोकाला चिकटवून उचलत होती, काचापाणीत उचलावा तसा. वर न बघता ती म्हणाली, "तुझ्या कशा वाढल्या?"

शिवांजलीनं डावा हात मागं घेतला. आत्यानं उत्तराची वाट बघितली नाही.

"त्याचा माझ्यावर राग न्हवता गं तसा. पाऊस गेला की राग. टँकर चुकला की राग. जवारी करपली की राग. पुढ्यात मी असायची. हात मधी घालायची तोंड वाचवाय, मग बांगड्याच जायच्या पयल्यांदा. पयल्या बारीला मी काचा केरात टाकल्या. दुसऱ्या बारीला झालं, आन मला तुझी याद आली. म्हटलं, शिवीला पायजेत. बसले वेचाय. शेजारची बाई कन्नड बोलायची. ती यायची, बळे, बळे म्हणायची आन कपाळाला हात लावायची. तिकडं बांगडीला बळे म्हणत्यात. मी आपली वेचायची. जांभळी कुठली, मोरपंखी कुठली. वेचताना रडाय येत न्हाई बघ. डोळ्यात पाणी आलं की तुकडाच दिसत न्हाई."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"न सांगाय काय झालं? दर बारीला सांगितलं. आल्या आल्या म्हणायची, वैनी, बांगड्या वाढल्या. सगळ्यांस्नी कळायचं. वैनी नव्या भरायची. तुझा बाप, लाला, एष्टीत बसवून द्यायचा."

ती हे असं म्हणाली, जसं कुणी पेरणीचं सांगावं. शिवांजलीच्या डोळ्यांपुढं तो डबा आला. घराची कौलं काढून स्लॅब टाकला तेव्हा तो कुठं गेला कुणास ठाऊक. कितीतरी वेळा माधवनगरच्या त्या दोन खोल्यांत, ओट्याला टेकून बसलेली असताना, तिनं तोच डबा आठवून जीव शांत केला होता. आत्या उतरतेय, गाठ सुटतेय, ऊन जांभळं होतंय. तिच्या सगळ्या लहानपणातली सगळ्यात सुंदर गोष्ट. ती सुंदर होती हे आताही खोटं वाटेना, हेच तिला सोसेना.

"मी वाट बघायचे तुझी," ती म्हणाली. "रुमालाची वाट बघायचे."

"मग? मला ठावं न्हाई व्हय," आत्या म्हणाली. "तुझं त्वांड बघाय तर आणायची. लय ग्वाड हसायचीस." तिनं तुकडे कागदात बांधले आणि उठताना राजनंदिनीच्या पायाला बोट लावलं. "म्हातारे, तू न्हवं हां मागायच्या कुणाकडं काचा."

रविवारी पुरणाचा घाट होता. विश्वजित, त्याची आई आणि मामा नानासो असे तिघं नानासोंच्या बोलेरोतून आले. विश्वजितनं आप्पांच्या पाया पडून पेढ्यांचा बॉक्स दिला. सासूबाईंनी नातीसाठी चांदीचे वाळे आणले होते. ते घालताना त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. सासूबाई वाईट नव्हत्या. रात्री पलीकडच्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा करायच्या, एवढंच.

जेवताना नानासोंनी आप्पांची भरपूर मस्करी केली. "हवालदारसाब, एवढी वर्षं बॉर्डर राखली, आन इथं फडात रानडुक्कर आवरंना व्हय तुमास्नी?" आप्पा म्हणाले, "तिथं बंदूक दिली हुती सरकारनं. इथं काठी हाय." पंगत रंगली. विश्वजितनं दोनदा कटाची आमटी मागून घेतली आणि आईच्या हाताची तारीफ केली. शिवांजली वाढत होती. आई तिच्याकडं बघत नव्हती. गुरुवारपासून आई तिच्याकडं सरळ बघतच नव्हती.

जेवणं झाल्यावर सामान भरलं गेलं. पाळणा, गादी, दुपट्यांचं गाठोडं, लाडवांचे डबे, शेंगांचं पोतं. बोलेरोची मागची बाजू भरून गेली. आळीतल्या बायका निरोपाला येऊन दारात उभ्या राहिल्या. सोप्यात पाटावर शिवांजलीला बसवलं. सासूबाई कुंकू लावायला वाकल्या आणि त्यांची नजर तिच्या मांडीवरच्या हातांवर गेली. उजवा हात हिरवागार, डाव्यात दोन पाटल्या.

"आणि हा हात असा गं का? भरला न्हाई?"

"भरताना वाढल्या हो, विहीणबाई," आई घाईनं म्हणाली. "मोठं माप गावलं न्हाई."

विश्वजित पोरीला खांद्यावर घेऊन खांबाशी उभा होता. तो हसून म्हणाला, "तिच्या लय वाढतात, आई. वर्षाला एक दुकान लागतंय."

"मग कासाराचीच पोरगी करायची हुतीस की रं," नानासो म्हणाले.

सगळे हसले. दारातल्या बायका हसल्या. सासूबाई हसल्या. आणि आप्पा हसले. यजमानानं हसावं तसं, पाव्हण्याच्या विनोदाला मान देऊन. फुटली न् वाढलीच्या त्या जुन्या किश्श्यावर ते हसायचे तसंच. शिवांजलीनं ते बघितलं. मधल्या दारात आत्या उभी होती. ती तेवढी हसत नव्हती.

"वाढल्या नाहीत," शिवांजली म्हणाली. "फोडल्या."

आवाज मोठा नव्हता, पण दारापर्यंत पोचला. आईचा हात उठला आणि स्वतःच्याच तोंडावर गेला. सासूबाईंनी कुंकवाचा करंडा खाली ठेवला.

"आगं, नवरा पुढ्यात उभा असताना काय बोलतीस? माघारी घे आधी तोंडातला शब्द." त्यांनी उठून लेकाच्या गालांवरून हात फिरवले आणि बोटं कानशिलावर मोडली. दारातली एक बाई पुटपुटली, "चांगल्या दिवशी काय हे."

कुणी फोडल्या, हे एकानंही विचारलं नाही. सगळ्यांना टोचला तो शब्द.

नानासोंनी सांभाळून घेतलं. "चुकून गेला आसंल. शिकलेल्या पोरी, त्यांस्नी कुठलं आलंय आपलं बोलणं. म्हण बाळ, चुकून गेला."

किती सोपं होतं. दोन शब्द म्हणायचे. मग ओटी भरली असती, सगळे पुन्हा हसले असते, बोलेरो निघाली असती. शिवांजलीला वाटलं, म्हणावं. मग तिची नजर विश्वजितच्या खांद्यावरून इकडं बघणाऱ्या पोरीकडं गेली. पोरगी आता रांगायला लागेल. त्या दोन खोल्यांत ओट्याखाली, फरशीच्या सांध्यात, कितीही झाडलं तरी एखादा तुकडा राहायचाच. आणि थोडी मोठी झाली की पोरगी तो उचलेल, उजेडात धरेल, आणि तिला तो आवडेल.

"चुकून नाही गेला," ती म्हणाली. "ह्यांनी फोडल्या. आणि हा अंगठाही ह्यांनीच पिरगाळला, पाचवा महिना होता मला. बाथरूममध्ये पडले नव्हते मी, आई. मला जायचं नाही."

विश्वजितचा चेहरा पडला, मग तांबडा झाला, मग त्यानं तो पुन्हा नीट केला. "आता रागात लागला असेल हात कधी. मी कुठं नाही म्हणतोय. पण हे चारचौघांत बोलायचं असतं का, शिवांजली?"

"पोरीला द्या इकडं."

दारात बायका उभ्या होत्या. त्यानं पोरीला दिलं.

आप्पा उठले. बसले. पुन्हा उठले. "पाव्हणं, बसून बोलू," ते म्हणाले. "शांतपणानं बोलू."

"बोलायचं काय त्यात," नानासो म्हणाले. "तरणं रक्त हाय. मी देतो की समज, आजच वाटेत देतो. पण सामान भरल्यावर बाळंतीण न नेता माघारी जायचं म्हंजे, हवालदारसाब, तुमीच सांगा."

आणि आप्पांची मान हलली. होकाराला, हळूच, सवयीनं. शिवांजलीनं पोरीला छातीशी आवळलं.

"लाला," मधल्या दारातून आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता. "मला सोडाय तू स्टँडवर यायचास. एष्टीच्या खिडकीतनं उसाचा रस द्यायचास, बर्फ जास्ती घालून. मी म्हणायची, माझा भाऊ लय मायाळू. जतपतूर त्या रसाची चव जायची न्हाई त्वांडातनं."

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. मग ते खाटेच्या कडेवर टेकले.

आईनं पदर खोचला. ती दारातल्या बायकांमधून वाट काढत बाहेर गेली. थोड्या वेळानं बोलेरोची कडी वाजली.

"आवं आई, काय करताय?" विश्वजित बाहेर धावला. मागून सगळे. आईनं शेंगांचं पोतं बाजूला सारलं होतं आणि पाळणा ओढत होती. जुना सागवानी पाळणा, एकट्या बाईला उचलायचा नाही.

"जड हाय," आई त्याच्याकडं न बघता म्हणाली. "एक बाजू धरा."

आता अख्खी आळी बघत होती, आणि सासूनं काही उचलायला लावलं तर जावई उभा राहून बघत नाही, हे विश्वजितच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. त्याचे हात आपोआप पुढं गेले. आईनं एक टोक, त्यानं एक टोक, असा तो पाळणा पायऱ्या चढून सोप्यात आला. खाली ठेवल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. तो हात झटकत तसाच उभा राहिला.

"आई, पोरगी माझी पण आहे," तो म्हणाला. या वेळी आवाजात गोडवा नव्हता.

"तुमचीच हाय. कोण न्हाई म्हणतंय. बघाय या, दारात बसून बघा." आई धापा टाकत होती. "लेकीचा हात माझ्या हातात हुता गुरुवारी. मला कळलं हुतं. तरी मी पाळण्याला रंग देत बसले." ती पुन्हा बाहेर गेली आणि गाठोडं घेऊन आली, मग गादी. लाडवांच्या डब्यांपाशी ती थांबली. एक डबा तिनं गाडीतच ठेवला आणि विहीणबाईंना म्हणाली, "ह्यो न्या. खोबरं जास्ती घातल्यालं हाय. केल्यालं वाया कशाला."

सासूबाई रडत होत्या. नानासो वकिलाचं, बैठकीचं, चार माणसांचं काहीतरी बोलत होते. आप्पा उठून फाटकापर्यंत गेले, आणि पहिल्यांदाच ठाम आवाजात म्हणाले, "बसवा बैठक. आमी येतो. पण पोरगी हितं ऱ्हाईल." बोलेरो सुरू झाली. विश्वजितनं दार आपटलं. शिवांजली दचकली, पोरगीही दचकली आणि रडायला लागली.

गाडी गेल्यावर आळीतल्या बायका पांगल्या, जरा नाराजीनंच. सोप्यात पाळणा तिरका पडला होता, त्याच्या एका खुराचा नवा रंग खरचटला होता. पुढं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बैठक होईल, लोक बोलतील, विश्वजितचे फोन येतील, गोड आणि मग कडू. शिवांजली खांबाला टेकून पोरीला पाजायला बसली.

आई येऊन तिच्यासमोर बसली. बऱ्याच दिवसांनी तिनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं.

"सांग," ती म्हणाली. "पयल्यापासनं सांग."

शिवांजलीनं तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं हात वर केला.

"थांब. त्यांनाबी बोलव. वन्सं, तुमीबी या. एकदाच सांगू दे तिला. परत परत सांगाय लावायचं न्हाई."

आप्पा फाटकापाशी पाठमोरे उभे होते. आत्यानं त्यांना हाक मारली.